रात्रीची राखण

'हसतील त्याचे दात दिसतील' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लोकांच्या कुचेष्टेला भीक न घालणाऱ्या माणसाची ही म्हण. हसणारे हसू देत, दिसले तर त्यांचेच दात दिसतील, आपलं काय जातं? म्हण धीराची आहे खरी, पण काही माणसांना तिचा काडीचा उपयोग नसतो. ज्यांना स्वतःलाच हसायचं असतं आणि आपले दात दिसतील म्हणून हसता येत नाही, अशी ही माणसं. फोटो काढताना ओठ घट्ट मिटणारी, विनोद झाला की हात तोंडावर नेणारी. आपल्या घरात, वर्गात, ऑफिसात असं एक तरी माणूस असतंच.

अशा माणसांसाठी गेल्या काही वर्षांत बाजारात एक नवी आशा आली आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचं, दातांवर टोपीसारखं बसणारं साचेबंद आवरण, म्हणजे अलाइनर. त्यातही 'फक्त रात्री लावायचा' अलाइनर. झोपताना बसवा, सकाळी काढून डबीत ठेवा, दिवसभर कुणाला पत्ता नाही, आणि काही महिन्यांत बत्तिशी सरळ! नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरून फेरी मारली तर अलाइनरच्या पाट्या दिसतातच, आणि मोबाइल उघडला तर जाहिराती मागे लागतात.

माझ्या भाचीने हे सगळं वाचून मला विचारलं, "मामा, तू जुनंपुरानं वाचत असतोस ना, मग हे खरं की खोटं ते सांग." ती चोवीस वर्षांची, नोकरी करते. घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या बेतात आहेत आणि नेमक्या त्याच काळात तोंडात तारा नकोत, असं तिचं म्हणणं. पैसे तिच्या पगारातून जाणार, दातही तिचेच. मी काही दातांचा डॉक्टर नाही. पण एखाद्या गोष्टीचा इतिहास पाहिला की तिच्याबद्दलचे गैरसमज कुठून आले ते बऱ्याचदा कळतं, असा माझा अनुभव आहे. इथेही तसंच झालं. यातले बहुतेक गैरसमज निव्वळ थापा नाहीत. ती अर्धी सत्यं आहेत, आणि प्रत्येकामागे एक खरी गोष्ट आहे.

पहिला गैरसमज घरातल्या मोठ्यांचा. 'हे दात सरळ करण्याचं खूळ आत्ताचं, आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही.' उपचार नव्हते हे बरोबर, पण हौस मात्र फार जुनी आहे. बौद्ध ग्रंथांत महापुरुषाची बत्तीस लक्षणं सांगितली आहेत. त्यांत चाळीस दात, ते एकसारखे, मध्ये फट नसलेले आणि शुभ्र, अशी दातांचीच तीन-चार लक्षणं आहेत. आपल्या पांडवलेण्यांतल्या बुद्धमूर्ती मिटल्या ओठांच्या आहेत, पण त्या ओठांआड शिल्पकाराने कोणते दात कल्पिले असतील ते या यादीवरून कळतं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, म्हणजे साधारण सातव्या शतकात, दातांच्या रोगांमध्ये 'कराल' नावाचा एक रोग येतो. कराल म्हणजे वेडेवाकडे, विद्रूप दात. आणि वाग्भट तो असाध्य रोगांच्या यादीत टाकून मोकळा होतो! म्हणजे खंत होती, तिला नावही होतं, फक्त उपाय नव्हता.

सौंदर्याची कल्पना मात्र बदलत आली आहे, हेही खरं. आपल्याकडेच एके काळी दातवण लावून दात काळे करणं हा बायकांचा शृंगार होता. आज तसे दात पाहून आपण दवाखान्याचा रस्ता दाखवू. तेव्हा प्रत्येक वाकडा दात सरळ व्हायलाच हवा असं काही नाही. चावायला, घासायला, बोलायला अडचण नसेल आणि त्या माणसाला त्याचं काही वाटत नसेल, तर तो दात तसाच राहू द्यावा. पण ज्याला वाटतं त्याला 'खूळ' म्हणून उडवून लावणंही बरोबर नाही.

दुसरा गैरसमज तरुणांचा. 'तारा म्हणजे जुनी पद्धत, अलाइनर म्हणजे एकविसाव्या शतकातला कॉम्प्युटरचा चमत्कार.' यात कॉम्प्युटरचा भाग खरा आहे, बाकीचं जरा तपासून पाहू.

दात ढकलता येतो हे रोमनांना माहीत होतं. पहिल्या शतकातला सेल्सस लिहितो की दुधाचा दात पडायच्या आधीच नवा दात आला, तर दुधाचा काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबत राहावं, म्हणजे तो आपल्या जागी येतो. पुढे १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने धातूची कमानीसारखी पट्टी दातांना दोऱ्याने बांधायची रीत आपल्या ग्रंथात नोंदवली. आजच्या तारेची ती पणजी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एडवर्ड अँगल याने वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण केलं (१८९९), त्यासाठी वेगळी शाळा काढली आणि तारांचं शास्त्र उभं केलं. अमेरिकेत दातांना पक्क्या चिकटवलेल्या तारा आणि युरोपात काढता-घालता येणाऱ्या पट्ट्या, अशी मग बराच काळ जणू वाटणीच होती. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्लॅस्टिकच्या टोपीची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. १९४५ मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी, हॅरोल्ड केसलिंग या अमेरिकन डॉक्टरने रबराचं एक साधन मांडलं. तारा काढल्यावर दातांच्या ठशावरून प्लास्टरचा नमुना करायचा, त्यातले दात करवतीने सुटे कापायचे, मेणात हव्या त्या जागी पुन्हा बसवायचे, आणि त्या आदर्श बत्तिशीवर रबराचा साचा करून रुग्णाला द्यायचा. रुग्णाने तो चावून धरला की उरलेसुरले दात जागेवर येतात. असे साचे क्रमाक्रमाने बदलत गेलं तर मोठे बदलही करता येतील, पण आज ते व्यवहारात परवडणारं नाही, असंही केसलिंगने तेव्हाच लिहून ठेवलं. अलाइनरची अख्खी कल्पना या एका वाक्यात आहे!

त्यानंतर १९६४ मध्ये हेन्री नाहूमने प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून, हवा ओढून घेऊन तो दातांच्या नमुन्यावर बसवायची रीत सांगितली. १९७१ मध्ये रॉबर्ट पोनिट्झने अदृश्य 'रिटेनर' मांडला, १९९३ मध्ये जॉन शेरिडनने त्यात सुधारणा केली. मग १९९७ साल. स्टॅनफर्डला व्यवस्थापन शिकलेले दोघे, लाहोरमध्ये वाढलेला झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ. दोघांकडेही दंतवैद्यकाची पदवी नव्हती. चिश्तीने मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. त्या निघाल्यावर मिळालेला रिटेनर काही दिवस घातला नाही की दात सरकायचे, आणि पुन्हा घातला की जागेवर यायचे, हे त्याच्या लक्षात आलं. जी वस्तू दात परत आणते तीच पुढेही नेईल, फक्त अशा पुष्कळ वस्तू लागतील, आणि त्या पुष्कळ वस्तू कॉम्प्युटर करून देईल, हा त्याचा तर्क. त्यातून अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी आणि 'इन्व्हिजलाइन' हे नाव जन्माला आलं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये परवानगी मिळाली. केसलिंगला जे परवडत नव्हतं ते परवडू लागलं, एवढाच काय तो चमत्कार. पण लहान नव्हे!

आता मूळ मुद्दा: रात्रीचं काय? चिश्तीचा अलाइनर रात्री लावायचा नव्हताच. दिवसाचे वीस ते बावीस तास, जेवण आणि दात घासणं सोडून सतत, असा त्याचा दंडक आहे. का, ते समजायला दात सरकतो कसा ते पाहावं लागेल.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशी जिवंत तंतूंची गादी असते. कार्ल सँडस्टेट नावाच्या स्वीडिश संशोधकाने कुत्र्यांचे दात सुमारे तीन आठवडे सरकवून, हाडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०४-०५ मध्ये ते प्रसिद्ध केले. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, ताण पडतो त्या बाजूला नवं भरतं. दात हाडातून वाट काढत नाही, हाडच त्याला वाट करून देतं. आणि हाडाला हे काम करायला सवड लागते. दाब सुरू होऊन साधारण चार ते सहा तास झाले की गादीतल्या पेशी खऱ्या अर्थाने जाग्या होतात, आणि हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागायला दोनेक दिवस जातात. मध्येच दाब काढून घेतला की ताणलेले तंतू दाताला मागे ओढू लागतात. इथे जोरापेक्षा तास महत्त्वाचे. जोर वाढवून वेळ वाचवायला जावं तर गादीतला रक्तपुरवठाच चेपला जातो, आणि काम उलट लांबतं.

आपल्या नाशिककडच्या माणसाला हे सांगायला फार पुस्तकं नकोत. द्राक्षाच्या वेलीला वळण लावायचं तर ती मांडवाच्या तारेला बांधून ठेवतात. रात्री बांधली आणि सकाळी सोडून दिली, असं कुणी करत नाही.

मग 'रात्री' ही कल्पना आली कुठून? ती मघाच्या वाटणीतून, म्हणजे युरोपातून आली, आणि तिच्या मागे एक सुरेख हकिगत आहे. विगो अँड्रेसन नावाचा एक डॅनिश दंतवैद्य होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. त्याची मुलगी सुट्टीवर निघाली, तेव्हा त्याने तिच्या तारा काढल्या आणि केलेलं काम बिघडू नये म्हणून रात्री घालायची एक सैलसर चौकट दिली. चौकट अशी की तोंड मिटताना खालचा जबडा पुढे यावा. सुट्टी संपवून मुलगी आली तेव्हा बापच चकित झाला. मागे असलेला जबडा पुढे आला होता, आणि तो तिथेच टिकला. यातून पुढे 'अ‍ॅक्टिव्हेटर' हे साधन निघालं आणि युरोपातली मुलं पिढ्यान् पिढ्या ते रात्री तोंडात घालून झोपली.

म्हणजे रात्रीच्या साधनाने काम होतं, हे खोटं नाही. पण कुणाचं? वाढत्या वयाच्या मुलांचं, आणि तेही मुख्यतः जबड्याच्या वाढीचं. लहान मुलांची वाढ रात्री जोरात असते, उगवणारा दातही बहुतेक रात्रीच वर सरकतो. निसर्ग जे काम करतोच आहे त्याला ते साधन फक्त दिशा देतं. चोवीस वर्षांच्या मुलीचा जबडा वाढायचा थांबलेला असतो. तिथे वाहत्या पाण्याला पाट काढून देण्याचा प्रश्नच नाही, पाणी शेंदूनच काढायचं आहे.

रात्रीची दुसरी परंपरा आहे राखणीची. चार्ल्स हॉले याने १९१९ मध्ये मांडलेला तार-चौकटीचा रिटेनर काय, पोनिट्झचा पारदर्शक रिटेनर काय, ही सगळी तारा निघाल्यानंतर दात आहेत तिथे राखायची साधनं. सुरुवातीचे महिने ती पुष्कळ वेळ घालायची आणि मग फक्त रात्री. केसलिंगचा रबरी साचाही शेवटच्या किरकोळ दुरुस्तीचा, दिवसा थोडे तास जोर लावून चावायचा आणि मग रात्री घालून झोपायचा. शेत राखायला रात्री माळ्यावर बसलेला राखणदार पीक वाढवत नसतो, आहे ते सांभाळतो. रिटेनरचं तसंच. दिसायला रिटेनर आणि अलाइनर जुळे भाऊ. एक रात्री पुरतो, म्हणून दुसराही पुरत असेल असं वाटणं फार स्वाभाविक आहे. माझ्या मते या गैरसमजाचं मूळ इथेच आहे.

त्याचाच धंदा कसा झाला तेही पाहा. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने २०१९ मध्ये फक्त रात्री, सलग दहा तास घालायचे अलाइनर बाजारात आणले. आता दहा तास म्हणजे पेशी जाग्या व्हायला पुरेसे, त्यामुळे काहीच होत नाही असं नाही. थोडीशी फट, एखादा कललेला पुढचा दात, एवढं जमू शकतं, वेळ मात्र जास्त लागतो. पण दाटीवाटीचे दात, मुळासकट सरकवायचे दात, गोल फिरलेला सुळा, वरखाली न जुळणारा चावा, ही कामं दहा तासांत बसत नाहीत. रात्री पुढे आणि दिवसा मागे अशा हेलकाव्यात दात हलका होतो, आणि रोज रात्री साचा दुखत बसतो तो वेगळाच. शिवाय झोपेत लाळ फार कमी होते. दात न घासता वर टोपी चढवली की कीड लागायला मोकळं रान.

यातून तिसरा गैरसमज निघतो, आणि तो सगळ्यात महाग पडणारा आहे. 'डॉक्टर कशाला? घरी ठसा घ्यायचा, पार्सल येतं.' अलाइनर दात हलवतो, पण तो हलवावा की नाही हे त्याला कळत नाही. हिरड्यांचा आजार असेल, हाड खचलेलं असेल, एखादा दात आत अडकलेला असेल, तर सरळ करायला निघालेला दात हातात यायचा! हे क्ष-किरण चित्राशिवाय आणि तोंडात डोकावल्याशिवाय समजत नाही. वर सांगितलेली ती अमेरिकन कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्या डिसेंबरात बंदच झाली. उपचार अर्धवट राहिलेल्या ग्राहकांना आता आपापला दंतवैद्य गाठा, असं सांगण्यात आलं. ज्यांचे हप्ते चालू होते त्यांनी ते भरत राहावेत, हेही सांगायला कंपनी विसरली नाही. दात अर्ध्या वाटेवर, आणि वाटाड्या गायब.

या बाबतीत आपण नाशिककर खरं तर सुदैवी. आमच्या शाळेच्या दिवसांत वर्गात एकाच मुलाच्या दातांना तारा होत्या आणि त्या आवळून घ्यायला तो दर महिन्याला वडिलांबरोबर पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचा. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय १९३३ पासून होतं आणि या विषयातल्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली, पण ते सगळं नाशिकहून लांब होतं. आज पंचवटीतच हिरे दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नाशिकलाच, म्हसरूळला. बीडीएसनंतर आणखी तीन वर्षं फक्त दात आणि जबडे जुळवण्याचं शास्त्र शिकलेला माणूस आता रिक्षाच्या अंतरावर असताना पार्सलवर विसंबावं, हे काही मला पटत नाही.

शेवटचा गैरसमज सरळ झाल्यानंतरचा. 'एकदा झाले की झाले.' वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तारा लावून झालेल्या रुग्णांचे ठसे अनेक वर्षांनी पुन्हा घेतले. त्यांच्या १९८१ च्या लेखात, दात काढून उपचार केलेल्या रुग्णांपैकी रिटेनर बंद केल्याच्या दहा वर्षांनंतर जेमतेम एक तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले दिसले. १९८८ च्या लेखात वीस वर्षांनंतरचा हिशोब आहे, आणि तो दहांत एक इतका खाली येतो. आपण मात्र खापर अक्कलदाढेवर फोडतो, की ती मागून ढकलते. ब्रिस्टलमध्ये हॅराडीन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, केवळ पुढची गर्दी टाळण्यासाठी अक्कलदाढा काढून काही म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. दात वयाबरोबर सरकतातच, कधीही तारा न लावलेल्यांचेसुद्धा. म्हणून रिटेनर, रोज रात्री, वर्षानुवर्षं. रात्रीची खरी जागा इथे आहे.

भाचीला मी एवढंच सांगितलं की तीन प्रश्न कागदावर लिही आणि डॉक्टरसमोर बस. माझ्या हिरड्या आणि हाड हे सोसतील का? मला दात नुसते कलवायचे आहेत की मुळासकट हलवायचे आहेत? आणि काम झाल्यावर राखण किती वर्षं? उत्तरं ऐकून बावीस तासांचा अलाइनर घे, तारा घे, नाहीतर काहीच घेऊ नकोस. तिने पहिलाच प्रश्न लिहिताना विचारलं, "आणि बघायला आलेल्यांनी तारा पाहिल्या तर?" त्याचं उत्तर इतिहासात नाही. पण तारा वर्षा-दोन वर्षांत निघतात, आणि तोंडातल्या तारा पाहून ज्यांचं मन फिरतं ती मंडळी वेळीच कळलेली बरी, असं मला आपलं वाटतं.

असो. वाग्भटाने असाध्य म्हणून सोडून दिलेला कराल आज साध्य झाला आहे, ही गोष्ट लहान नाही. फोशारपासून चिश्तीपर्यंत कितीतरी जणांनी त्यासाठी डोकं झिजवलं. त्यांनी तारेचा धातू बदलला, रबराचं प्लॅस्टिक केलं, करवतीच्या जागी कॉम्प्युटर आणला. हाडाला लागणारे तास मात्र त्यांच्यापैकी कुणालाही कमी करता आले नाहीत.